शनिवार-रविवारची संध्याकाळ घरी, दोघांनी: गोव्यातील दांपत्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात सरकारी कार्यालयांचा आठवडा पाच दिवसांचा असल्यामुळे पुष्कळ घरांत शनिवार-रविवारची सुट्टी नवरा-बायकोला एकत्र मिळते. पण बाजार, देवदर्शन, कुणाचे बारसे, कुणाकडचा वाढदिवस हे सगळे उरकता उरकता संध्याकाळ दोघांच्या हाती लागतेच असे नाही. खालील उत्तरे मराठी बोलणाऱ्या घरांतील दांपत्यांना समोर ठेवून लिहिली आहेत. त्यांत बाहेर फिरायला जाण्याचा विचार केलेला नाही. घरात राहून काय करता येईल एवढेच पाहिले आहे.

दोन्ही दिवस आम्ही घरीच असतो, तरी विसावा मिळाल्यासारखे वाटत नाही. याचे कारण काय असावे?

बहुतेक घरांत कारण एकच असते. दोघांचे काम एकाच वेळी संपत नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्या कामांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करत होत्या आणि अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे. हा आकडा साऱ्या देशाचा असला तरी आपल्याकडच्या रविवारी तो डोळ्यांनी पाहता येतो. दुपारी हुमण म्हणजे माशांची आमटी, तळलेले मासे, एखादे सुके आणि सोलकढी असे साग्रसंगीत जेवण होते, नवरा पंख्याखाली आडवा होतो आणि बायको ओटा धुण्यात, माशांची भांडी वेगळी घासण्यात व सिंकच्या जाळीत अडकलेले खवले काढण्यात गुंतलेली असते. ती चार वाजता जरा टेकते, तेव्हा तो चहासाठी उठलेला असतो. संध्याकाळी सात वाजता दोघे सोफ्यावर शेजारी बसलेले दिसतात खरे, पण एकाची विश्रांती केव्हाच होऊन गेलेली असते आणि दुसरीची सुरूच झालेली नसते.

म्हणून आमचा पहिला सल्ला करमणुकीचा नाही. सुट्टीच्या दोन्ही दिवशी एक वेळ ठरवावी, समजा साडेसहाची, आणि त्या वेळी दोघांनी मिळून काम थांबवावे. घडी घालायचे कपडे राहिले तर राहू द्यावेत. काम साडेसहापर्यंत आटोपणे आवश्यकच असेल, तर ज्याचे हात रिकामे आहेत त्याने सांगण्याची वाट न पाहता उठावे.

मग रात्रीच्या जेवणाचे काय करावे?

गोव्यात या प्रश्नाचे अर्धे उत्तर सायकलवर दारात येते. संध्याकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकू आला की ताजे पाव, उंडे किंवा पोळी घ्यावी आणि त्यासोबत दुपारचेच काही वाढावे. दुपारचे हुमण मंद आचेवर आटवले की दाट होते आणि पावाबरोबर ते दुपारपेक्षाही चांगले लागते. काल्ची कडी, म्हणजे आदल्या दिवसाची आटवलेली आमटी, आवडीने खाणाऱ्या आपल्या लोकांना हे निराळे सांगायला नको. दुसरा मार्ग गाड्याचा. ऑम्लेटवर शागोतीचा, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्यातल्या चिकनचा, गरम रस, वरून चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि लिंबाची फोड असे रॉस ऑम्लेट दोघांपैकी एकाने आणले, तर त्या रात्री घरात चूल पेटवण्याचे कारण उरत नाही.

घरीच रांधायचे ठरले तर कोणते काम वेळ खाते, ते ओळखावे. शागोतीत खरा वेळ जातो तो खोबरे आणि मसाले भाजण्यात व वाटण्यात, चिकन शिजवण्यात नव्हे. वाटप सकाळी करून फ्रीजमध्ये ठेवले की संध्याकाळचे काम निम्म्यावर येते. मासे बाजारातच साफ करून व कापून घ्यावेत. त्याचे चार पैसे जास्त पडतात, पण ते वाया गेले असे मानू नये. जूनच्या १ तारखेपासून जुलैअखेरपर्यंत यांत्रिक होड्यांच्या मासेमारीवर बंदी असते आणि पाठोपाठ श्रावण येतो, त्यामुळे पुष्कळ घरांत त्या काळात संध्याकाळचे जेवण आपोआप साधे होते. एरवीही एखाद्या शनिवारी पेज, लोणचे आणि भाजलेला पापड एवढ्यावर भागवले तर कुणाची अब्रू जात नाही.

दुपारी झोपल्यावर संध्याकाळ जडावलेली जाते. दुपारची झोप सोडावी का?

सोडण्याची गरज नाही, आखडती घ्यावी. वीस ते तीस मिनिटांची डुलकी उठल्यावर ताजेपणा देते. दीड-दोन तास झोपल्यास उठताना डोके जड होते आणि रात्री अंथरुणावर तळमळावे लागते. चहा-कॉफीचेही भान ठेवावे. कॅफिनचे शरीरातील प्रमाण निम्मे व्हायला सुमारे पाच तास लागतात. पाच वाजता घेतलेल्या कडक चहाचा निम्मा अंमल म्हणजे रात्री दहालाही अंगात असतो.

घरात नेमके कुठे बसावे?

जिथून उरलेले काम दिसत नाही, तिथे. जुन्या घरांत बल्काव (दारापुढची बसायची ओसरी) किंवा पडवी याच कामासाठी बांधलेली आहे आणि तिथे वाराही असतो. मात्र बल्कावात बसले म्हणजे वाटेने जाणारा प्रत्येक जण थांबून चार शब्द बोलणार हे गृहीत धरावे लागते. शेजारधर्म म्हणून ते उत्तमच आहे, परंतु दोघांनाच बोलायचे असेल तर मागच्या अंगणाकडची बाजू बरी. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी गॅलरीतला वाळत घातलेल्या कपड्यांचा स्टँड आधी आत आणावा. त्याखाली वाकून बसणाऱ्या दांपत्याला विसावा कसा मिळणार, हे आम्हांला कधीच उमगलेले नाही.

गोव्यात सूर्यास्त डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास आणि जुलैच्या सुरुवातीला सात वाजून गेल्यावर होतो, तेव्हा बाहेर बसण्याची वेळ ऋतूप्रमाणे बदलावी. डेंग्यू पसरवणारा डास दिवसा चावतो आणि सूर्यास्तापूर्वीच्या काही तासांत त्याचा उपद्रव वाढतो. मलेरियाचा डास अंधार पडल्यावर येतो. जाळी किंवा अंगाला लावायचे मलम यांपैकी काहीतरी हवेच. कुंड्यांखालच्या ताटल्यांतले पाणी आठवड्यातून एकदा ओतून टाकावे.

सासू-सासरे घरात आहेत. आम्ही दोघेच वेगळे बसलो तर त्यांना वाईट वाटेल का?

न सांगता दार लोटून घेतले तर वाटेल. सांगून बसले तर सहसा वाटत नाही. दिवेलागणीला तुळशीपुढे दिवा लागला, सगळ्यांचा चहा झाला, वडीलधाऱ्यांशी दिवसभराच्या गोष्टी झाल्या, त्यानंतरचा तास आपला मानावा. "आई, आम्ही जरा गच्चीवर बसतो, तुम्हांला काही लागलं तर हाक मारा," एवढे वाक्य पुरते. ते मुलाने बोलावे, सुनेने नव्हे, कारण सुनेच्या तोंडी तेच शब्द परवानगी मागितल्यासारखे ऐकू येतात आणि मुलाच्या तोंडी नुसती माहिती दिल्यासारखे. हा भेद योग्य आहे असे आमचे म्हणणे नाही, पण घरोघरी तो आहे. आणखी एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगू: सासूबाईंचेही काम साडेसहाला थांबले पाहिजे. सुनेची संध्याकाळ सासूच्या पाठीवर उभी राहिली, तर अडचण फक्त एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेली.

लहान मुले असतील तर?

मुले झोपेपर्यंत थांबणे हा सर्वांत सोपा वाटणारा आणि बहुधा फसणारा उपाय आहे, कारण तोपर्यंत आईबापांचेच डोळे मिटू लागतात. शनिवारी मुलांना एखाद्या तासापुरते आजी-आजोबांकडे किंवा शेजारच्या मित्राकडे पाठवावे आणि पुढच्या शनिवारी त्या मित्राला आपल्याकडे बोलवावे.

टीव्हीवर एकत्र मालिका पाहणे यात मोडते का?

मोडते, फक्त दोन अटींवर. काय पाहायचे ते बसण्यापूर्वी ठरलेले असावे, कारण वीस मिनिटे नुसती यादी वरखाली सरकवत राहिल्यास दोघांचाही जीव मेटाकुटीस येतो आणि शेवटी कुणालाच नको असलेले काहीतरी लागते. आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत असावा. हातात मोबाइल घेऊन टीव्ही पाहणाऱ्या दोघांनी मिळून काय पाहिले, हे दुसऱ्या दिवशी त्यांनाही सांगता येत नाही.

दोघांनाच खेळता येतील असे खेळ कोणते?

मेंढीकोटाला चौघे लागतात आणि पाच-तीन-दोनला तिघे. दोघांसाठी आपल्याकडचा अस्सल डाव म्हणजे सात-आठ. त्यासाठी अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची अठ्ठावीस पाने आणि बदाम व इस्पिक यांच्या सत्त्या अशी एकंदर तीस पाने घेतात, म्हणजे प्रत्येकाला पंधरा पाने येतात. वाटणाऱ्याने सात हात करायचे आणि समोरच्याने आठ. आधी पाच-पाच पाने वाटली जातात, तेवढ्यावरून आठ हात करणारा हुकूम सांगतो आणि मग उरलेली पाने वाटतात. ज्याचे ठरल्यापेक्षा जास्त हात होतात, त्याला पुढच्या डावात समोरच्याची तितकी पाने न पाहता ओढता येतात आणि त्या बदल्यात आपल्याकडची नकोशी पाने त्याच्या गळ्यात मारता येतात. घरोघरी नियमांत थोडा फरक असतो, त्यावरून होणारा वाद हाही खेळाचाच भाग समजावा. या डावाची खुबी अशी की कुणीच पूर्ण हरत नाही, नुसते ओढणे अंगावर येते, आणि ओढून नेलेल्या हुकमाच्या एक्क्याची आठवण पुढचे दोन दिवस निघत राहते.

कॅरम असेल तर तो दोघांना उत्तम. राणीचे तीन गुण, राणीनंतर कव्हर घेणे आवश्यक आणि पंचवीस गुण किंवा आठ बोर्ड पूर्ण झाले की गेम संपला, हे स्पर्धेचे नियम पाळले तर वेळेला आपोआप मर्यादा येते. पावसाळ्यात बोर्ड दमट होऊन सोंगट्या सरकत नाहीत. बोरिक पावडर अतिशय थोडी टाकावी आणि बोर्ड भिंतीला टेकवून न ठेवता आडवा ठेवावा. दोघांपैकी एक जण खेळात फारच वरचढ असेल, तर त्याने डाव्या हाताने खेळावे. हरणे मनाला लागणाऱ्या माणसाबरोबर मात्र गुणच मांडू नयेत.

गाणे ऐकण्याची सवय आम्हांला नाही. सुरुवात कशी करावी?

गोव्यात राहून हा प्रश्न पडावा याचे थोडे नवल वाटते. दीनानाथ मंगेशकर मंगेशीचे, केसरबाई केरकर केरीच्या, मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या. आपल्या आसपासच्या गावांनी हिंदुस्थानी संगीताला केवढी माणसे दिली आहेत! सुरुवातीला तासाभराचा ख्याल लावू नये. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांची एक बाजू साधारण तीन-साडेतीन मिनिटांची असे, त्यामुळे त्या काळच्या गायकांनी राग तेवढ्यात मांडलेला आहे, आणि नवख्या कानांना ते मोजके गाणे झेपते. केसरबाईंच्या अशाच ध्वनिमुद्रणांपैकी एक भैरवी १९७७ मध्ये अवकाशात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडीत समाविष्ट आहे. ती आज इंटरनेटवर सहज ऐकायला मिळते. भैरवी मैफलीच्या शेवटी गातात, तेव्हा दिवेलागणीला आधी मारवा किंवा पूरिया आणि नंतर यमन लावावा. दोघांनी आळीपाळीने एकेक चीज निवडावी. एकाला भजन आणि दुसऱ्याला जुनी हिंदी गाणी आवडत असतील, तर तसेही चालेल.

घरी दोघांनी मिळून थोडी हुर्राक किंवा फेणी घेणे योग्य का?

हा ज्या त्या घराचा प्रश्न आहे. जिथे दोघांनाही ते मान्य आहे, तिथे त्याचा बाऊ करण्याचे कारण नाही आणि जिथे एकाला मान्य नाही, तिथे दुसऱ्याने एकट्याने पीत बसण्याला एकत्र विसावा म्हणता येत नाही. हुर्राक ही काजूच्या रसाची पहिली धार, उन्हाळ्याच्या हंगामातच मिळणारी आणि साधारण १५ टक्के मद्यार्काची. फेणी पुन्हा उकळून काढलेली असल्यामुळे ती ४२ टक्क्यांच्या आसपास असते. लिंबू, सोडा, मीठ आणि उभी चिरलेली मिरची घातलेली हुर्राक सरबतासारखी पोटात जाते, म्हणूनच तिचे माप आधी ठरवावे. नीरो म्हणजे काजूचा न आंबलेला रस हंगामात मिळाला तर न पिणाऱ्यालाही त्याच मैफलीत बसता येते.

मद्याने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती तुटते, त्यामुळे पेला जेवणाआधी घेतलेला बरा. आणि रॉस ऑम्लेट आणायला गाड्यावर जायचे असेल, तर आधी जाऊन यावे. कायद्याने वाहनचालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपर्यंतच मद्यार्क चालतो, आणि "इथेच तर जायचे आहे" ही सबब पोलिसापुढे व वळणावर सारखीच निरुपयोगी ठरते.

बोलायला बसलो की विषय पैशांवर येतो आणि वाद होतो. काय करावे?

पैशांचे बोलणे टाळू नये, त्याची जागा बदलावी. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या आपल्याकडील कायद्यानुसार लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता समाईक धरली जाते आणि घर-जमीन विकताना दोघांच्याही सह्या लागतात. दुसऱ्याला अंधारात ठेवून व्यवहार करण्याची सोय इतर राज्यांतल्यापेक्षा गोव्यात कमी आहे, हे आम्हांला चांगलेच वाटते. पण हप्ते, विजेचे बिल, गावच्या घराची कौले, भावाला दिलेले उसने या गोष्टी शनिवारी सकाळी नाश्त्यानंतर वही घेऊन बोलाव्यात. संध्याकाळी विषय निघालाच, तर "उद्या सकाळी" एवढे म्हणून तो बाजूला ठेवावा आणि सकाळी आठवणीने काढावा. दुसरा भाग पाळला नाही, तर पहिल्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

संध्याकाळच्या बोलण्यात चांगल्या बातमीला विशेष जागा द्यावी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ शेली गेबल यांच्या संशोधनातून असे दिसले की जोडीदाराने सांगितलेल्या आनंदाच्या गोष्टीत आपण किती रस घेतो, याचा नात्याच्या समाधानाशी जवळचा संबंध असतो. बायकोने "आज साहेबांनी माझी फाईल सगळ्यांसमोर दाखवली" असे सांगितल्यावर "अरे वा" म्हणून मोबाइलकडे वळणे आणि "कुठली? ती पंचायतीची? मग काय म्हणाले ते?" असे विचारणे यांत केवढे अंतर आहे, ते ऐकणाऱ्याला कळत नसेल, पण सांगणाऱ्याला लगेच कळते.

एकाला बोलायचे असते आणि दुसऱ्याला गप्प बसायचे असते. यावर तोडगा आहे का?

आहे. गप्प राहणाऱ्याला पहिला अर्धा तास द्यावा आणि नंतरचा वेळ बोलणाऱ्याला. उलट क्रमाने केल्यास जमत नाही.

दर आठवड्याला तेच ते होते. कंटाळा कसा घालवावा?

आर्थर ॲरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जोडप्यांचे मनगट आणि घोटे एकमेकांना बांधून, दोघांच्या मध्ये एक लोड धरून, त्यांना गादीवरून रांगत जायला लावले होते, आणि दुसऱ्या जोडप्यांना नुसता चेंडू ढकलण्याचे सपक काम दिले होते. गमतीचे आणि नवे काम मिळालेल्या जोडप्यांनी नंतर आपल्या नात्याबद्दल अधिक समाधान नोंदवले. गादीवर रांगावे असा आमचा आग्रह नाही. दोघांपैकी कुणालाच येत नाही अशी एक गोष्ट महिन्यातून एकदा मिळून करावी: पातोळ्यांसाठी हळदीची पाने निवडून सारण भरणे, बेबिंक थरावर थर देत घरी करून पाहणे, आकाशकंदिलाला कामट्या बांधणे. एकाला येते आणि दुसरा शिकतो असा प्रकार शक्यतो नको, कारण त्यात घरचा मास्तर तयार होतो.

आमची ड्युटी हॉटेलात किंवा शिफ्टमध्ये आहे. शनिवार-रविवारीच सर्वांत जास्त काम असते. आम्ही काय करावे?

पर्यटनावर चालणाऱ्या राज्यात इतरांची सुट्टी हाच अनेकांचा कामाचा दिवस असतो. अशा दांपत्यांनी आठवड्यातली ज्या दिवशी दोघे घरी असतील ती संध्याकाळ निवडून तिलाच रविवार म्हणावे आणि नातेवाइकांनाही तसे सांगून ठेवावे, म्हणजे मंगळवारी कुणी सहज म्हणून टपकणार नाही. सुट्ट्या जुळतच नसतील, तर रात्री उशिरा परतणाऱ्यासाठी ताट झाकून ठेवण्यापेक्षा त्याच्याबरोबर अर्धी पोळी खाणे अधिक मोलाचे.

पावसाळ्यात वीज गेल्यावर काय करावे?

इन्व्हर्टर असला तरी त्यावर टीव्ही न लावता फक्त पंखा आणि एक दिवा ठेवावा. पत्त्यांच्या सात-आठच्या डावाला एवढा उजेड पुरतो.

आम्ही एकत्र बसलो की भांडणच होते, किंवा एकाला दुसऱ्याची भीती वाटते. तरीही प्रयत्न करावा का?

अधूनमधून खटके उडणे आणि भीती वाटणे या भिन्न गोष्टी आहेत. मन सतत उदास असेल, तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. मारहाण, धमक्या किंवा दारूपायी होणारा त्रास असेल, तर महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे. अशा घरांत संध्याकाळ रंगवण्याच्या सूचना लागू पडत नाहीत आणि त्या कुणी देऊही नयेत.

रविवारची संध्याकाळ सोमवारच्या तयारीत जाते. ती कशी वाचवावी?

ठरलेल्या वेळेपूर्वी, म्हणजे पाच ते साडेसहाच्या दरम्यान, दोघांनी मिळून कपडे, डबे आणि मुलांची दप्तरे यांचा निकाल लावावा. पुष्कळ घरांत सोमवार शिवराक, म्हणजे शाकाहारी, असल्यामुळे डब्याचा प्रश्न आदल्या दिवशीच सोडवता येतो. मुगागाठी (सोललेल्या मोडाच्या मुगाची भाजी) करायची असेल, तर मूग शनिवारी दुपारी भिजत घालून रात्री उपसून फडक्यात बांधून ठेवावेत, म्हणजे रविवारी संध्याकाळपर्यंत त्यांना मोड येतात. त्यांची साले काढण्याचे काम कंटाळवाणे असते. ते दोघांनी एका परातीत हात घालून साडेसहाच्या आत उरकावे आणि सोललेले मूग झाकून फ्रीजमध्ये ठेवावेत.